स्वतःची कॅरेक्टर शीट भरताना करिझ्मा एकच लिहायचा की भाषेप्रमाणं दोन?

उद्यमबागचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी. प्रश्न येडपटासारखा वाटंल, खरं डोक्यातनं जाईना म्हणून टाकतोय. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'. गोंधळू नका.)

गणपतीत भाचा आलेला पुण्याहून. त्यांचा कॉलेजात ग्रुप आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारा, म्हणजे एकेक पात्र घ्यायचं, त्याच्या गुणांचे आकडे एका कागदावर (ती कॅरेक्टर शीट) आणि फासे टाकून गोष्ट पुढं न्यायची. रात्री आरास बघायला जायचं ठरलेलं खरं पाऊस असला लागला की सगळे घरातच, त्यात लाईट गेली, मग ह्यानं बॅगेतनं फासे काढले, चार बाजूंचा, आठ बाजूंचा, वीस बाजूंचा, आणि मी आपला कवड्या टाकून सारीपाट खेळलेला माणूस. मला एक बुटका दाढीवाला योद्धा करून दिला, मेणबत्तीत दोन तास खेळलो, मजा आली. खरी भानगड दुसऱ्या दिवशी झाली. म्हणतोय कसा, मामा, आता तुझी स्वतःची शीट भर. खेळातल्या योद्ध्याची नव्हे, तुझी. वय ३९, घर बेळगावात वडगावला, उद्यमबागेत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपला सुपरवायझर, दोन पोरं, एक लोन.

तर सहा आकडे असतात. स्ट्रेंथ (ताकद) मी लिहिलो १४, डेक्स्टेरिटी (हाताची चपळाई) १२, कॉन्स्टिट्यूशन (दम) १३, इंटेलिजन्स १४, विस्डम (शहाणपण आणि जाण) १५. विस्डमचं कारण सांगतो, मशीनवर इन्सर्ट (कापायचं पातं) झिजायला लागला की आवाज बदलतो, अगदी थोडा, कापड फाडल्यासारखी एक किनार येते आवाजाला, ती मला केबिनमधनं ऐकू येते. ऑपरेटर मशीनसमोर उभा असतोय त्याला येत नाही. मी उठून जाऊन थांबवतो, मायक्रोमीटर लावला की वीस मायक्रॉन गेलेलेच असतात.

अडकलो ते करिझ्मावर. भाचा म्हणाला करिझ्मा म्हणजे दिसणं नव्हे, समोरच्याला आपलं म्हणणं पटवायची ताकद. आता हे कसं लिहायचं? गल्लीत मंडळाच्या वर्गणीवरनं भांडण झालं तर मला बोलावतात, मी मिटवतो. मराठीत माझा करिझ्मा १४ धरा. शॉपमध्ये निम्मी पोरं बैलहोंगल, गोकाककडची, त्यांच्याशी आमचं 'टूल चेंज माड्री, ऑफसेट नोड्री' (माड्री म्हणजे करा, नोड्री म्हणजे बघा) चालतंय, तिथं १०. आणि एखाद्या ऑफिसात काउंटरसमोर उभा राहिलो की ७. मी तोच, शर्ट तोच.

मागच्या महिन्यात घराच्या उताऱ्यावर वडिलांचं नाव काढून आमचं लावायचं म्हणून एका ऑफिसात गेलो होतो, नाव घेत नाही. कागद सगळे कन्नडमध्ये. मी घरातनं वाक्य पाठ करून गेलेलो, 'सर, नन्न अर्जी एल्लिगे बंतु?', म्हणजे माझा अर्ज कुठपर्यंत आला. गाडीवर म्हणत गेलो, लाईनीत म्हणत उभा राहिलो, पुढचा माणूस वळून बघायला लागला. नंबर आला, बोललो. साहेबानं मान पण वर केली नाही आणि चक्क मराठीत म्हणाला, 'बुधवारी या.'

म्हणजे फासा टाकायच्या आधीच गेम संपली. तर प्रश्न असा, एका माणसाला एकच करिझ्मा असतो का? की बेळगावच्या माणसाला दोन रकाने पाहिजेत? आणि दुसरं, आकडे प्रामाणिक कसे भरायचे, कारण भाचा माझे आकडे बघून हसला.

तिसरं_गेट

मूळ टिळकवाडीचा, सध्या बेंगळुरूत. सहा वर्षं झाली डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणून टेबल चालवतोय, त्यामुळे आधी भाचा का हसला ते सांगतो.

हा खेळ १९७४ ला आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, आणि तेव्हा प्रत्येक आकडा साध्या तीन फाशांची बेरीज होता. सरासरी साडेदहा. २१६ पैकी १०४ वेळा ९ ते १२ च्या मधेच पडतो, १८ पडतो २१६ मधून एकदा. म्हणजे दहा-अकरा म्हणजे नापास नव्हे, दहा-अकरा म्हणजे आपण. आत्ताच्या नियमात गावातल्या साध्या माणसाची शीट दिलेली आहे, सगळे आकडे १०, हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) ४. मांजरानं मनावर घेतलं तर संपला बिचारा. आणि करिझ्मा सोडला तर तुम्ही दहाच्या खाली एकही आकडा लिहिला नाहीत.

स्ट्रेंथ १४ घ्या. नियम असा की स्ट्रेंथ गुणिले १५ इतके पाउंड वजन घेऊन माणूस चालू शकतो. १४ ला २१० पाउंड, म्हणजे ९५ किलो. रविवार पेठेत क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा हमाल बघितला असेल, तो या हिशेबानं १५ चा. तुम्ही त्याच्यापेक्षा एकनं कमी आहात का, खरं सांगा. भरलेला गॅस सिलेंडर ३० किलोच्या आसपास असतो. तो वरच्या मजल्यावर नेताना किती वेळा टेकवता?

विस्डमचं जरा वेगळं आहे. तुम्ही जे सांगताय ते विस्डम नाहीच, ते परसेप्शन नावाचं स्किल आहे आणि त्यात तुम्ही तयार झालायत. मुद्दाम न बघता आपोआप जे लक्षात येतं त्याचा आकडा १० अधिक विस्डमचा मॉडिफायर (आकड्यावरनं मिळणारी भर) अधिक प्रॉफिशियन्सी (सरावाची भर) असा काढतात. तुमच्या १५ चा मॉडिफायर +२, प्रॉफिशियन्सी +२, झाले १४. आता विस्डम साधा ११ धरा, मॉडिफायर शून्य, पण त्या एका कामात एक्सपर्टाईज, म्हणजे प्रॉफिशियन्सी डबल, +४. परत १४च. आकडा तोच, पण पहिल्या हिशेबात तुम्ही शहाणे आहात आणि दुसऱ्यात तुम्ही पंधरा वर्षं मशीनच्या आवाजात काढलीत. मला दुसरं खरं वाटतं. शहाणा माणूस लोन काढत नाही (मीही काढलंय).

आता करिझ्मा. एकच लिहायचा. दोन रकाने करू नका, शीट बिघडते. भाषेनं तुम्ही बदलत नाही, परिस्थिती बदलते, आणि परिस्थितीसाठी डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे. वीसचा फासा दोनदा टाकायचा, कमी पडेल तो धरायचा. ११ किंवा वर पाहिजे असेल तर एरवी ५० टक्के संधी, डिसअ‍ॅडव्हान्टेजला २५. गल्लीतल्या भांडणात तुम्हाला उलट अ‍ॅडव्हान्टेज, दोनातला जास्त पडेल तो धरायचा, ७५. माणूस एकच, करिझ्मा १४ पण नाही, मी म्हणेन १२.

आणि त्या ऑफिसातल्या प्रकरणात तर भाषेचा संबंधच नाही. त्यानं उत्तर मराठीत दिलं ना? म्हणजे त्याला तुमचं कळलं, तुम्हाला त्याचं कळलं. ते काम २५ च्या डीसीचं (म्हणजे फासा आणि भर मिळून २५ तरी पाहिजेत) होतं, आमच्या पुस्तकात त्याला 'फार अवघड' म्हणतात. तुमचा १४ चा करिझ्मा मान्य केला, वर पटवण्यात प्रॉफिशियन्सी दिली, तरी +४. वीस पडला तरी २४.

जाता जाता एक. शीटवर भाषेच्या रकान्यात 'कॉमन' म्हणून एक भाषा सगळ्यांना फुकट मिळते, बाजारात, खानावळीत कुठंही चालणारी. बेळगावात कॉमन कुठली लिहायची यावर आमच्या टेबलावर एकदा पाऊण तास गेला होता, शेवटी 'खडे बाजार' असं बाजारपेठेचंच नाव लिहून पुढं गेलो.

निपाणी_ते_गोकाक

तिसरं गेट, तुम्ही नियम बरोबर सांगताय पण खेळ चुकीचा धरलाय असं मला वाटतंय. डी अँड डी मध्ये भाषा एक तर येते नाही तर येत नाही. अधलंमधलं काही नाहीच. आणि आपलं तर सगळं आयुष्य अधल्यामधल्यात गेलंय. मी कॉल ऑफ कथुलू खेळतो, १९८१ चा खेळ, त्यात प्रत्येक स्किल टक्क्यात असतंय, भाषा पण. परकी भाषा १ टक्क्यापासनं सुरू. मग खेळताना ते स्किल वापरून काम झालं की पुढं एक टिक करायची. शेवटी शंभराचा फासा टाकायचा आणि तो तुमच्या टक्क्याच्या *वर* पडला तरच स्किल वाढतंय. म्हणजे जेवढं कमी येतंय तेवढं भराभर वाढतंय आणि येत गेलं की अडकतंय.

हे माझ्या कन्नडचं तंतोतंत वर्णन आहे. निपाणीत मला कन्नडची गरजच पडली नाही, शाळेत मार्कांपुरतं केलं. लग्न होऊन गोकाकला आलो, नवऱ्याचं मेडिकल आहे, मी पण बी फार्म, काउंटरला बसायला लागलो. पहिल्या महिन्यात एक आज्जी आल्या, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या 'एदे उरि'. एदे म्हणजे छाती एवढं मला माहीत, बाकी मला काही सुचंना, मी त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा लावला, समोरच्या डॉक्टरांच्याकडं पोराला पळवलं. डॉक्टर आले, विचारलं, आणि हसायलाच लागले. उरि म्हणजे जळजळ. रात्री मिरचीची भजी खाल्लेली. दुखणं असतं तर आज्जी 'नोवु' म्हणाल्या असत्या. आज्जींना एक गोळी दिली, पैसे घेतले नाहीत. उरि आणि नोवु, दोन शब्द, मी मरेपर्यंत विसरायचो नाही.

असं करत वर्षभरात ४० टक्क्यावर आलो बघा. मग ६० ला जी अडकलो ती अडकलोच, पाच वर्षं झाली. पोटदुखी, ताप, खोकला सगळं येतंय, पण सासूबाई त्यांच्या बहिणीशी फोनवर भराभर बोलतात त्यातलं निम्मंच कळतंय (ते बरं पण आहे). आणि सरकारी कागद वाचायचा म्हटलं की २०. म्हणून मिस्त्री, तुम्ही करिझ्माला हातच लावू नका. कन्नड बोलणं ४५, कन्नड वाचणं १५ असं वेगळं लिहा. तुमचा करिझ्मा कुठं जात नाही, तो भाषेच्या दारातनं बाहेर यायला अडतोय.

या खेळाची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. आपली भाषा किती येते ते शिक्षणाच्या आकड्यावर ठरतंय. माझी आई चौथी. बिड्या वळायची, मजुरी हजार बिड्यांमागं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं आत दाबायचं, आणि हे सगळं होताना नजर आमच्या अभ्यासाच्या वहीवर. आणि तोंड चालूच. एकेक म्हण अशी काढायची की समोरचा गार. या पुस्तकाच्या हिशेबानं तिची मराठी माझ्यापेक्षा कमी भरेल. माझी! ते जाऊ दे, तिची डेक्स्टेरिटी मी १७ लिहितो. आता सुईत दोरा मला ओवायला लावते तरी पण १७.

तिसरं_गेट

भाऊ, कथुलूचा मुद्दा मान्य, भाषेसाठी ती पद्धत जास्त बरोबर आहे. बिडीचं तोंड आत दाबतात ते माहीत नव्हतं.

निपाणी_ते_गोकाक

भाऊ नव्हे, ताई. 'लग्न होऊन आलो' असं वर स्पष्ट लिहिलंय की. आमच्यात बायका पण आलो-गेलोच म्हणतात, बेंगळुरूत राहून विसरला काय?

तिसरं_गेट

विस्डमचा फासा फेल. सॉरी ताई.

राजहंसगडाच्या_पायथ्याला

सगळं वाचलो. मी फौजेतला, सतरा वर्षं करून आलो, आता येळ्ळूरला शेती. तुम्ही सगळे आकड्यांपासनं सुरू करालाय तिथंच चूक होते असं मला वाटतंय. माणूस आकडे घेऊन जन्माला येतो आणि मग जगतो असं नसतंय.

आमच्या युनिटात एक दिल्लीचा कॅप्टन होता, त्यानं आम्हाला ट्रॅव्हलर नावाचा खेळ दाखवला, १९७७ चा जुना. त्यात शीट भरायची म्हणजे आयुष्यच जगून घ्यायचं. १८ व्या वर्षी सुरू, चार चार वर्षांची एक टर्म, प्रत्येक टर्मला फासे, भरती झाला का, वाचला का, प्रमोशन मिळालं का, त्यातनं स्किल मिळत जातात. जुन्या नियमात तर शीट भरता भरताच माणूस मरायचा. खेळ सुरू व्हायच्या आधी! पोरं हसायची, मी नाही हसलो. ३४ व्या वर्षापासनं वयाचा फासा, दर टर्मला, ताकद कमी झाली का बघायचं. आणि शेवटी बाहेर पडताना काय घेऊन बाहेर पडला त्याचा फासा.

माझं लिहितो. पहिली टर्म, पोहायला शिकलो, हिंदी शिकलो. येळ्ळूरचं पोरगं, हिंदी सिनेमातलीच माहीत. दुसरी टर्म, ड्रायव्हिंग, थंडी. तिसरी टर्म, लग्न, वर्षातनं दोन महिने घर. चौथी टर्म, गुडघा. एवढंच. मग बाहेर पडलो ते पैसे घेऊन, आणि पहिला फासा टाकलो तो बोअरचा. साडेतीनशे फूट गेलो, धूळ. शेजाऱ्याला चाळीस पावलांवर पाणी लागलं. तो रोज मोटर चालू करतोय, आवाज येतोय, मिस्त्रींसारखा माझा पण परसेप्शन चांगला आहे. बासमती घालतो पावसावर, चाललंय.

म्हणून मिस्त्री, करिझ्मा किती हे विचारू नका. कुठल्या टर्मला काय मिळालं ते लिहा. तुम्ही ३९, म्हणजे पाच टर्म झाल्या, वयाचा फासा दोनदा टाकून झाला.

वडगाव_माग

एवढं लांबड लावण्यापेक्षा शीट बायकोकडं द्या भरायला. दोन मिनिटांत होतंय.

उद्यमबागचा_मिस्त्री

सगळ्यांना धन्यवाद. सिलेंडर दोनदा टेकवतो, एकदा वळणावर आणि एकदा वरच्या पायरीवर. स्ट्रेंथ ११ केलो.

राजहंसगडवाले, तुमचं वाचून मी वहीत टर्मा लिहून बघितलो. पहिल्या टर्मला वडिलांबरोबर मागावर बसलेला, त्यातनं काय स्किल मिळालं म्हणून विचार करत होतो तर लक्षात आलं, धोटा अडकायच्या आधी पण आवाज बदलायचा. माग मोडीत गेला, कान राहिला. हे मी आजपर्यंत जोडूनच बघितलो नव्हतो.

आणि वडगाव माग, तुमचं ऐकून खरंच दिलो बायकोकडं. ती गडहिंग्लजची, लग्नाआधी कन्नडचा एक शब्द नाही, आणि आता भाजीवालीशी दारात अर्धा अर्धा तास बोलत उभी असते, दोन्हीकडनं हसणं चालू असतंय, मला शेवटचे चार शब्द कळतात. ताईंच्या हिशेबानं ती ७० असंल. तिनं माझं विस्डम खोडलं आणि ९ लिहिलं, कारण विचारलो तर म्हणाली पावसाळ्यात सेकंडहँड गाडी कोण घेतंय. दोषांचा रकाना भरून मागच्या पानावर गेला. करिझ्मा मात्र तिनं १३ लिहिला, मी बघतच राहिलो. म्हणाली, बुधवारी मी येते बरोबर, तू नुसता उभा राहा.

भाषेच्या रकान्यात 'कॉमन' रिकामं सोडलो होतो, खडे बाजार लिहायचं म्हणून. धाकटा दुसरीत आहे, तो शेजारी बसून रंगवत होता, त्यानं विचारलं हे काय, मी सांगितलो, बाहेर सगळ्यांशी बोलायची भाषा. त्यानं पेन्सिल घेतली आणि कन्नड लिहून टाकलं. कन्नड अक्षरात. मी खोडरबर उचललो, आणि परत ठेवलो. आईनं विचारलं काय लिहिलं रे बाळ्यानं, मी म्हणालो गावाचं नाव.

निपाणी_ते_गोकाक

बुधवारी काय झालं ते टाका इथं. आणि वहिनींना विचारा ७० च्या पुढं कसं जायचं.

उद्यमबागचा_मिस्त्री

टाकतो. तिसरं गेट, दिवाळीला येणार असला तर आमच्यात या, गच्चीवर बसू. वीसचा फासा तेवढा घेऊन या, आमचा भाचा घेऊन गेला पुण्याला.